शांतवनमामांचा घास

हिवाळाभर आमच्या शाळेच्या तारेच्या कुंपणावर रोज सकाळी चार गोधड्या वाळत असायच्या. केजहून मोटारसायकलवर येताना मला त्या वळणावरूनच दिसायच्या. कधी तीन नाहीत, कधी पाच नाहीत, चारच. मला वाटायचं, माणूस स्वच्छतेचा वेडा असावा. नाहीतर असल्या थंडीत हातपंपाच्या पाण्यानं एवढ्या जड गोधड्या रोज कोण धुतं?

शेवटी एकदा विचारलं. शांतवनमामा गोधडी पिळत होते. तिचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "धरा सर, तुमी उलटं पिळा." पिळून झाल्यावर आसपास एकही लेकरू नाही याची खात्री करून त्यांनी हळूच सांगितलं. वसतिगृहातलं एक लेकरू रोज अंथरूण ओलं करत होतं. एकच गोधडी कुंपणावर आली असती, तर ती कोणाची हे मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलं असतं. म्हणून मामा उठल्या उठल्या आणखी तीन कोरड्या गोधड्या पाण्यात बुडवायचे, रोज वेगवेगळ्या लेकरांच्या, आणि चारही धुवायचे.

"लेकरू कोणतं, ते तरी सांगा," मी म्हटलं.

"ते तुमाला कावून पाहिजे?"

मला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचं गाव ऊसतोडीचं. दिवाळी झाली की निम्मं गाव बायकामाणसांसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्यांच्या मुलखात जातं ते उन्हाळा लागल्यावरच परततं. आईबापांबरोबर लेकरंही उसाच्या फडावर गेली की शाळा सुटलीच. ती गावातच राहावीत म्हणून आमच्या शाळेत पाच-सहा महिन्यांचं वसतिगृह चालायचं. वसतिगृह हा शब्द कागदावरचा. प्रत्यक्षात शाळेच्या मागच्या दोन खोल्या आणि त्यांना लागून पत्र्याचं स्वयंपाकघर. पस्तीस लेकरं. त्यांची आई म्हणा, बाप म्हणा, राखणदार म्हणा, सगळं मिळून शांतवन साळवे नावाचे साठी ओलांडलेले गृहस्थ. स्वयंपाक त्यांची बायको करायची, सलोमीमामी. हंगाम सुरू झाला की दोघं गावाबाहेरच्या आपल्या घराला कुलूप लावून शाळेत मुक्कामाला यायची.

मामा उंच, काळे, कमरेत थोडे वाकलेले. डाव्या हाताची तर्जनी अर्धी होती, ती कोयत्यानं नेलेली. लहानपणी तेही फडावरच वाढलेले. शाळा का सुटली, असं एकदा विचारलं तर हसून म्हणाले, "तिसरीतून गेलतो. वापस आलो तव्हा माज्या बाकावरला गडी सहावीत बसला होता. मास्तर म्हणले, बस तिसरीत. ढुंगण मावंना बाकात." सांगताना ते हसले म्हणून मीही हसलो. पण मला वाटतं, त्या न मावलेल्या बाकापायीच ते दरवर्षी पाच-सहा महिने जमिनीवर झोपत होते.

त्यांच्या आजोबांपासून घर ख्रिस्ती. गावात तेवढं एकच. शांतवन हे नाव निम्म्या गावाच्या तोंडात बसत नसे, म्हणून लोक शांताराम म्हणायचे. मामा त्यालाही ओ द्यायचे. "कायबी म्हणा. हाक मारली की येतो न मी?" गळ्यात क्रूस नाही, बोलण्यात धर्म नाही. खिशात मात्र बारीक दातांची फणी कायम. रविवारी दुपारी ओट्यावर बसून ते एकेका पोरीच्या डोक्यातल्या उवा काढायचे. पाण्याला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, की हे बाप्या माणसाचं काम हाय का? मामांचं उत्तर ठरलेलं होतं, "उवाला काय कळतंय, फणी कोणाच्या हातात हाय?"

मोजायची त्यांची तऱ्हा निराळी होती. आकडे मोजत नसत. प्रत्येक डोक्याला हात लावत जायचे आणि शेवटी म्हणायचे, "आले सगळे." एकदा मी मुद्दाम, मास्तरकी दाखवायला, एका पोराला दाराआड लपवलं. मामांनी ओळीवरून हात फिरवला आणि थेट दाराआडच गेले. त्यानंतर मी असला चावटपणा केला नाही.

जेवताना ते ओळीच्या टोकाला लेकरांबरोबर बसायचे. मामी वाढायची. सगळ्यांची ताटं भरली की मामा दोन्ही हात जोडून डोळे मिटायचे. तोंडातून शब्द नाही. आपण पाच-सात आकडे म्हणू, तेवढाच वेळ. मग डोळे उघडून पहिला घास घ्यायचे. लेकरांना त्यांनी कधीही, अमुक करा, असं सांगितलं नाही. मी चार वर्षं पाहत होतो, मी सांगतो. पण घरात मोठ्या माणसानं घास घेतल्यावरच लहानांनी घ्यायचा ही आमच्याकडची रीत. लेकरं मामांसाठी थांबायची. थांबून थांबून मामांकडे बघायची. आणि बघून बघून त्यांच्यातली काही हात जोडायला, डोळे मिटायला लागली. एवढंच घडलं होतं.

त्या वर्षी संक्रांतीला पहिलीतली कोमल मावशीकडे जेवायला गेली. मावशी गावातलीच. ताट समोर आलं, तसे कोमलनं हात जोडले आणि डोळे मिटले. तिच्या मावशीच्या नवऱ्यानं विचारलं, "काय करतीस गं?" ती म्हणाली, "मामा करतेत तसं." त्यानं मोबाइल काढला आणि म्हणाला, पुन्हा कर बरं. फोटो काढतात म्हणून ती खुशीत आली आणि तिनं पुन्हा केलं, आधीपेक्षा जास्त वेळ. ते चित्रण दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर होतं. खाली काय काय लिहिलं होतं ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. सरपंच आबा, कोमलचा मावसा, त्याच्या जोडीला सात-आठ जण, मी, आणि जरा बाजूला उभे मामा. खुर्ची दिली होती, बसले नाहीत.

"लेकरं जेवायला ठेवलीत का बाटवायला?" मावसा म्हणाला.

"म्या काहीच शिकिवलं न्हाई, बाबा," मामा म्हणाले.

"मग तिला काय सपान पडलं?"

आबा सबुरीचा माणूस. त्यांना कोणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं. ते म्हणाले, "हे बघा, लेकरांना आपल्या धर्माचं काई शिकवणार न्हाई, असं एक लिहून द्या. विषय मिटला. न्हाईतर मग वसतिगृह बंद करा, ज्याची लेकरं त्याच्या आईबापाकडं पोचवा."

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. माझं अक्षर चांगलं आहे. या गावात कोणताही अर्ज असो, तक्रार असो, लग्नपत्रिकेचा मजकूर असो, माझ्याकडेच येतो आणि मला त्याचा अभिमान होता. कागद माझ्यापुढे सरकला. मी लिहायला घेतलं. मुलांना कोणत्याही धर्माची शिकवण देणार नाही, असं लिहिलं. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मी ताकही फुंकून पिणारा माणूस. उद्या आणखी कोणी चित्रण केलं, ते वर गेलं, चौकशी आली, तर बोट शाळेकडे आणि पर्यायानं माझ्याकडे येणार. म्हणून मी आणखी एक ओळ घातली : 'तसेच मुलांसमक्ष स्वतःदेखील कोणत्याही प्रकारची प्रार्थना करणार नाही.' मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटतं, कोणी नीट ऐकलंही नाही.

मामांनी कागद हातात घेतला. दुसऱ्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी ती नजर टाळली आणि पेनाचं टोपण शोधायला लागलो.

"सही केल्यावर लेकरं ऱ्हातेल न आबा?" त्यांनी विचारलं.

"ऱ्हातेल की. शब्द हाय माजा."

मामांनी सही केली. तिसरीतलं अक्षर, पण स्वच्छ. संध्याकाळी घरी जाताना मी मनाशी म्हणालो, सुंठीवाचून खोकला गेला. बायकोलाही तसंच सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला दिसलं नाही. मामा पंगतीत बसेनासे झाले. वाढताना मामीला हातभार लावायचे, भाकरी मोडून बारक्यांच्या ताटात घालायचे आणि दाराशी उभे राहायचे. मी समजलो, वय झालं, खाली बसता येत नसेल. चेहरा उतरलेला दिसायचा. मी म्हटलं, शुगरचा त्रास. त्यांना शुगर होती, गोळ्या चालू होत्या. एकदा "जेवलात का?" असं सहज विचारलं, तर म्हणाले, "लेकरं जेवली." मास्तर असून मला हे उत्तर प्रश्नाचं नाही, हे कळलं नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळची परिपाठाची वेळ. लेकरं रांगेत उभी होती आणि मामा शेवटच्या ओळीत डोक्यांना हात लावत चालले होते. चालता चालता ते बसले, आणि बसल्या जागी आडवे झाले. अंग घामानं भिजलेलं, जीभ जड. लेकरांनी एकच कालवा केला. रस्त्यावरची जीप थांबवून मी आणि मामी त्यांना घेऊन केजला गेलो. डॉक्टरांनी बोटातलं रक्त तपासलं, सलाइनमधून साखर दिली आणि माझ्यावरच खेकसले, "गोळी खाऊन उपाशी राहतो का हा माणूस? साखर पार तळाला गेलीये."

उपाशी? मी मामीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मग बोलायला लागली ती थांबेना.

"एकच टाइम खातेत सर. लेकरं तुमच्या वर्गात गेली की, साडेअकराला. मंग दुसऱ्या दिशी साडेअकरालाच."

"का पण?"

"परार्थना केल्याबिगर ते घास घेत न्हाईत. लगीन झाल्यापसून मी बघते, पाणी पितेत, पर घास न्हाई. अन् लेकरापुढं परार्थना न्हाई म्हणून लिहून दिलंय. दिलंय न? मंग?"

मी म्हटलं, "मनातल्या मनात करायची. डोळे उघडे ठेवून. कोणाला कळणार होतं?"

"केली की तसंबी. पर लेकरं खाईनात. घास हातात धरून ह्यांच्या तोंडाकडं बघत बसली, आता डोळे मिटतील मंग मिटतील म्हणून. मंग ताट घेऊन पाण्याच्या टाकीमागं गेले. तर दोघं बारके आपापलं ताट घेऊन मागं. ते म्हणले, सलोमे, आता मी जेवायलाच बसत न्हाई. बसलो की लेकरं थांबतेत. रातच्याला म्हणावं तर लेकरांतच झोपतेत, एक न एक जागंच असतंय."

"आणि गोळ्या?"

"दोन्ही टाइम. डॉक्टर म्हणलते न, चुकवू नका. मी म्हणलं, उपाशीपोटी कशाला घेता? तर म्हणले, गोळीला परार्थना लागत न्हाई."

हे सांगताना ती हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली.

आणि एवढ्यावर संपत नव्हतं. ते चित्रण केजमधल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीतही पोचलं होतं. मामांनी कागदावर सही केली, हेही पोचलं. एका वडीलधाऱ्या सभासदानं रविवारी उपासनेनंतर उठून सांगितलं, ज्यानं लोकांपुढे प्रभूला लिहून नाकारलं, त्यानं काही महिने प्रभुभोजनाला पुढे येऊ नये. तरुण पाळक, तिथला धर्मगुरू, बिचारा मधे पडला, पण त्याचं चाललं नाही. मामा दर रविवारी जायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि भाकर-द्राक्षारस वाटायची वेळ आली की बाहेर येऊन चपलांपाशी उभे राहायचे.

"भांडले नाहीत ते?"

"कोणाशी भांडतेल? दोन्ही घरचा पाव्हणा उपाशी म्हणतेत न सर, तसं झालं आमच्या माणसाचं. इकडं म्हणतेत परार्थना करतो, तिकडं म्हणतेत सोडली. मी लई बोलले त्यांना. म्हणलं, फाडा तो कागद, जाऊ घरी. तर म्हणले, पस्तीस लेकरं फडावर जातेल. माज्या एका घासापायी त्यांची शाळा घालिऊ का?"

मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसलो आणि पहिल्यांदा ती दुसरी ओळ मनात वाचली. ती कोणी मागितली नव्हती. ना आबांनी, ना मावशाच्या टोळीनं. ती माझी होती. माझ्या सुंदर अक्षरातली.

तिथून मी तडक आबांच्या शेतावर गेलो. ते हरभऱ्यात उभे होते. सगळं सांगितलं. त्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, "आमी कुठं असं म्हणलतो? लेकरांना शिकवू नका, एवढंच म्हणलतो. त्यांनी कसं जेवावं, हे सांगणारे आमी कोण? ही ओळ कोण घातली?"

"मी."

आबा हरभऱ्यातून बांधावर आले. "लई शिकलेले लोक तुमी," एवढंच म्हणाले. मग माझ्याच वहीचा कागद मागून घेतला आणि आपल्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, की शांताराम साळवे यांनी आपल्या देवाचं नाव घेऊन कुठंही जेवावं, गावाची हरकत नाही. खाली सही केली. कोमलच्या मावशालाही बोलावून घेऊन त्याची घेतली. तो मान खाली घालून म्हणाला, "उपाशी मारायचं न्हवतं ओ आमाला कोणाला." मला वाटतं, तो खरं बोलत होता. आमच्यापैकी कोणालाच ते करायचं नव्हतं.

कागद घेऊन केजला पोचेपर्यंत मामांना बीडला हलवलं होतं. तिथं तपासण्या झाल्या आणि किडन्या निकामी होत आल्याचं निघालं. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, उपासानं झालं का? ते म्हणाले, हे वर्षानुवर्षांच्या शुगरचं आहे, महिन्या-दीड महिन्याच्या उपासाचं नाही. मी तेच उत्तर पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. त्यांनी प्रत्येक वेळी तेच सांगितलं आणि प्रत्येक वेळी माझं ओझं तेवढंच राहिलं.

मामांना मी कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली, उशीखाली ठेवला. मी म्हटलं, "मामा, ती ओळ मी माझ्या मनानं घातली होती."

"ठाऊक हाय की."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी भ्यालते सर," ते म्हणाले. "चारचौघांत कसं बोलावं?"

लेकराची ओली गोधडी झाकणाऱ्या माणसानं माझीही झाकली होती. मी बाहेर येऊन रसवंतीच्या गाड्यामागे उभा राहिलो आणि रडलो. आजही ते आठवलं की मला शरम वाटते.

दवाखान्यात ते महिनाभर होते. मामी त्यांच्यापाशी, म्हणून लेकरांचं जेवण गावातल्या एक बाई करायच्या. हंगाम संपत आला, आईबापांच्या ट्रॉल्या दोन-चार दिवसांत येणार होत्या, तेव्हा मामांनी हट्ट धरला की मला एकदा लेकरांकडे न्या. मी आणि मामी त्यांना रिक्षातून घेऊन आलो. दिवस मावळायला अवकाश होता. पंगत बसायची वेळ. मामा नेहमीच्या टोकाला, भिंतीचा आधार घेऊन बसले. पायांवर सूज होती, मांडी घालता येत नव्हती. ओळीवरून हात फिरवायचा होता, पण उठवेना. म्हणून लेकरंच एकेक करून आली आणि त्यांच्या हाताखालून डोकी घालून गेली. "आले सगळे," मामा म्हणाले.

ताटं वाढली. भाकरी, वरण, मेथीची भाजी. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात जोडले आणि डोळे मिटले. मी दारात उभा होतो. वाटलं, आता लेकरं थांबतील, त्यांच्याकडे बघतील. पण महिन्याभरात त्यांची सवय मोडली होती. ताट आलं की खायचं, हे ती शिकली होती. भाकरीचे तुकडे मोडले जात होते, कोणी कोणाचं वरण पळवत होतं, गलका चालला होता. मामांकडे एकाचंही लक्ष नव्हतं. त्या गलक्यात ते डोळे मिटून बसले होते. या वेळी आकडे पाचावर, सातावर थांबले नाहीत.

मग त्यांनी घास मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. कितीतरी वेळ तो तोंडात फिरत राहिला. मामीनं पाणी पुढे केलं. त्यांनी कसाबसा गिळला आणि ताट हळूच शेजारच्या कोमलकडे सरकवलं.

मी जवळ जाऊन बसलो. "मामा, खा की. आता कोणाची हरकत नाही."

"भूकच न्हाई ऱ्हायली, सर," ते म्हणाले. माफी मागावी तसं म्हणाले.

कोमलनं आधी स्वतःचं संपवलं, मग त्यांचं ओढून घेतलं. मामा तिचं खाणं बघत होते. ताट पुसून झालं तसे त्यांनी पुन्हा हात जोडले.

"आता कशाची प्रार्थना?" मी विचारलं.

"जेवण झाल्यावर आभार नगं का मानाया?" ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.